मामांची मांडणी

माझ्या मामेसासऱ्यांनी तीन महिन्यांत मला जेवढे हादरे दिले, तेवढे उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलेले नाहीत; आणि हे मी जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई म्हणते आहे. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. औंधच्या पलीकडचं लहानसं गाव, थोडी जिरायत जमीन आणि सारी नोकरी फौजेत. पण बंदूक त्यांनी फारशी चालवली नव्हती. त्यांची सगळी वर्षं पलटणीच्या कोठारावर गेली होती. ब्लँकेटं, बूट, कंदील, डाळीची पोती यांच्या राशींत राहून त्यांची ठाम समजूत झाली होती, की जगातलं निम्मं दुःख वस्तू जागेवर नसल्यामुळे होतं आणि उरलेलं निम्मं नको त्या वस्तू ठेवल्यामुळे. मामी वारल्यापासून ते गावी एकटेच असत. सत्तरच्या दशकात आम्ही सांगलीत दोन खोल्यांत राहत होतो, तेव्हा ते मोतीबिंदू दाखवायला म्हणून दोन दिवसांसाठी आले. डॉक्टर म्हणाले, "अजून पिकला नाही. पिकू द्या, मग काढू." मामांनी घरी येऊन आपली ट्रंक कॉटखाली सरकवली आणि जाहीर केलं, "पिकंपतूर हितंच ऱ्हातो. सारखं एस्टीत कोण हाडं खिळखिळी करून घेणार?"

त्या वेळच्या माझ्या घराची अवस्था सांगायला आजही लाज वाटते. माझी शाळा सकाळची. नळाचं पाणी जायच्या आत हंडे भरायचे, दोन मुलींच्या वेण्या घालायच्या, ह्यांचा डबा करायचा आणि धावत सुटायचं. एकदा मी दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून वर्गावर गेले होते, आणि हे मला पोरांनी सांगितलं. आमचे हे साखर कारखान्याच्या कचेरीत होते. माणूस सज्जन, पण स्वयंपाकघरात काडेपेटी कुठे असते हे त्यांना लग्नानंतर नऊ वर्षांनीही ठाऊक नव्हतं. धाकटी सारखी आजारी पडू लागली तेव्हा त्यांनी माझी कीव येऊन आपल्या वळणदार अक्षरात माझा राजीनामाच लिहून आणला. फक्त माझी सही राहिली होती. मी तो कागद फळीवरच्या वर्तमानपत्राखाली सारून ठेवला होता. रोज वाटे, उद्या सही करू.

मामा आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी शाळेतून परतले आणि दारातच थिजले. माझं संपूर्ण स्वयंपाकघर अंगणात मांडलं होतं. पातेली, झारे, डबे, बरण्या, फुटक्या कपांचे कान, सगळं ओळीत, पलटणीसारखं. आजूबाजूच्या चार बिऱ्हाडांतल्या बायका कठड्यावर ओणवून बघत होत्या. मधोमध मामा मांडी घालून बसले होते. ज्यांच्यासमोर मी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, ते माझ्या मसाल्याच्या डब्यांत हात घालून वास घेत होते. दृष्टी अधू, म्हणून सगळा कारभार हातांनी आणि नाकानं.

"हे काय हाय?"

"सोऱ्या, मामा."

"कवा काढल्ता?"

"दिवाळीत."

"मंग दिवाळीलाच भेटू," असं त्यांनी म्हटलं आणि सोऱ्या पोत्यात गेला. त्याच्यामागून पुरणयंत्र, सहा जादा उलथनी आणि माझ्या आईनं दिलेला चांदीच्या मुलाम्याचा ट्रेही. "हात घातला की वस्तू हाताला लागाय पायजे, सूनबाई. हुडकायला लागली म्हंजी ती आपली न्हवंच."

मग त्यांनी खिशातून तो कागद काढला. अक्षर दिसत नसल्यामुळे त्यांनी तो थोरलीकडून वाचून घेतला होता. सात वर्षांच्या पोरीनं अडखळत का होईना, आपल्या आईचा राजीनामा अख्ख्या अंगणाला ऐकवला होता!

"नोकरी सोडतीस?"

"घर होत नाही हो मामा माझ्याच्यानं," मी म्हटलं, आणि सगळ्या बायकांदेखत रडले.

मामांनी मला रडू दिलं. नंतर म्हणाले, "घर एकट्याच्यानं कवाच व्हत न्हाई. म्हैनाभर थांब. तवर सही करू नगंस."

त्या महिन्यात घरात जे घडलं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. बाजारातून मामा तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे घेऊन आले आणि त्यांची एकेक बाजू कापून, कडा ठोकून, ते आडवे रचून भिंतीला कप्पे केले. गोणपाटाला खिसे शिवून ते दारामागे टांगलं. त्यात कंगवे, रिबिनी, औषधं, बिलं. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून, वेणी घालून त्यांचं पायपुसणं विणलं. शिवणाचं काम ते सगळं बोटांनी चाचपून करत आणि टाका माझ्याहून सरळ येई. मुलींची दप्तरं फाटली होती. एका गुरुवारी संध्याकाळी दोघी नवीकोरी दप्तरं गळ्यात अडकवून नाचत आल्या. भारी राखाडी कापड, आत रेशमी अस्तर, बाहेर झाकणाचा खिसा. मी कौतुक करणार एवढ्यात ह्यांच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. तो त्यांचा लग्नातला कोट होता.

"मामा, हा माझा... मी हा एकदाच घातला होता!"

"म्हणून तर कापड चांगलं हाय रं," मामा म्हणाले. "आन् खिसं तर आयतंच मिळालं."

दोन दिवस हे कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना बोलावंच लागलं, कारण रविवार होता आणि मामांनी त्यांना चुलीसमोर, म्हणजे स्टोव्हसमोर, बसवून हातात झारा दिला. मामांच्या मते घरात आठवड्याचा खरा दिवस रविवारच. त्या दिवशी पुढच्या सहा दिवसांची तयारी करायची. थोरलीनं शेंगदाणे सोलायचे, धाकटीनं लसूण, मी भाजणी आणि मेतकूट करायचं, कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटून तेलावर परतून बरणीत भरायचं, चिंचेचा कोळ गुळाबरोबर आटवून ठेवायचा. ह्यांच्याकडे रवा होता. रवा भाजायचा, त्यात मोहरी, कढीपत्ता, मिरच्यांची फोडणी अगदी कोरडी होईपर्यंत परतायची, मीठ घालायचं आणि डबा बंद करायचा. "ह्येच्यावर उकळतं पाणी वतलं की खाणं तयार. डोंगरात बर्फात आमी दीड हजार माणसं अशी जेवू घातलीत," मामा सांगत. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकू मीठ मागायचं निमित्त काढून तीनदा येऊन गेल्या. पुरुषमाणूस रवा भाजतो हे पाहून त्यांचा हात गालावर गेला तो तिथेच राहिला.

प्रत्येक डब्यावर मामांनी थोरलीकडून नाव लिहून चिकटवलं. एक दिवस हळदीच्या डब्यावरची चिठ्ठी सुटून हातात आली. मागे वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'कौटुंबिक अडचणींमुळे'. मी भराभरा सगळे डबे पाहिले. मिरीच्या मागे 'सेवेतून मुक्त', जिऱ्याच्या मागे 'आपली नम्र'. माझा राजीनामा कापून मामांनी अठरा चिठ्ठ्या केल्या होत्या! मी संतापून विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "एका अंगानं कोराच व्हता की कागद."

महिना भरत आला होता आणि माझी खात्री पटली नव्हती. मग शाळेत तपासणी लागली. साहेब उशिरा आले, उशिरा गेले, आणि मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दाराबाहेर चपलांचे सात-आठ जोड. शिराळ्याचे माझे चुलतसासरे बायकामुलांसकट, न कळवता. दुपारपासून घरात अन्न शिजलेलं नाही, मामांना दिसत नाही, ह्यांना काडेपेटी सापडत नाही. मी आत धावले, तर पंगत बसलेली. गरम सांजा, मेतकूट-भात, चिंचेची चटणी, आणि वाढायला कमरेला टॉवेल खोचलेले आमचे हे! मामा कोपऱ्यात पाटावर बसून नुसत्या सूचना देत होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता, की मॅट्रिक झाल्यावरही झाला नसेल. मला म्हणाले, "बस तू. दमलीयेस. कशाला हात लावू नकोस, सगळं कुठं आहे ते मला माहीत आहे."

मी पंगतीत जाऊन बसले. नऊ वर्षांत माझं ताट कुणी दुसऱ्यानं वाढलं नव्हतं. राजीनाम्याचा विषय त्यानंतर आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

मोतीबिंदू पिकला, काढला, जाड भिंगांचा चष्मा आला. मामांनी पहिल्यांदाच घर डोळ्यांनी पाहिलं, सगळीकडून एक फेरी मारली आणि एवढंच म्हणाले, "भिंतीचा रंग लय वंगाळ हाय." दुसऱ्या सकाळी ट्रंक उचलून गेलेसुद्धा. मुली दिवसभर रुसून बसल्या. मी शाळेतून आल्यावर कप्प्यांकडे पाहत किती वेळ उभी राहिले कोण जाणे.

पुढच्या वर्षी आम्ही यमाईच्या दर्शनाला औंधला गेलो आणि तिथून चालत मामांच्या गावी. वाटेत ह्यांचं आणि माझं एकच बोलणं, की मामांचं घर कसं असेल! मी तर ठरवलं होतं, वही काढून सगळं लिहून घ्यायचं.

मामा ओसरीवर बसले होते. शेजारी एक स्टोव्ह, चहाचं भगुलं, दोन कप, दोरीवर दोन सदरे. मुलींना पाहून त्यांना काय करू नि काय नको झालं. "आवं, कळवायचं न्हाई व्हय? माझी भाकरी तर पुतण्याच्या घरनं येती." मी म्हटलं, "मी करते की पिठलं. पीठ तेवढं आणा पुतण्याकडनं." आणि त्यांनी काही म्हणायच्या आत स्वयंपाकघराचं दार लोटलं.

मी पुन्हा एकदा थिजले. आत मामांचं काहीच नव्हतं. एक कप्पा नाही, एक चिठ्ठी नाही. मडक्यांची उतरंड, आडवीतिडवी फळी, फळीवर एकात एक कोंबलेले डबे, कोनाड्यात गंजलेला सोऱ्या, खुंटीवर विरलेलं एक लुगडं. सगळं झाडलेलं, पुसलेलं, कुठे धुळीचा कण नाही. पण माझ्या जुन्या घराइतकाच गोंधळ.

"मामा, तिखट कुठंय?"

"असंल की कुटंतरी."

"कुठंतरी म्हणजे?"

ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. चष्मा काढून धोतरानं पुसत म्हणाले, "तुज्या मामीलाच ठावं. मी वर्साला म्हैनाभर रजेवर यायचो. ताट म्होरं यायचं, जेवायचो. कशात काय हाय, कवा इचारलंच न्हाई." मग म्हणाले, "हुडक तू. पण जिथलं तिथं ठेव हां."

मी एकेक मडकं उतरवून पाहिलं. तिखट तिसऱ्या मडक्यात, फडक्याच्या पुरचुंडीत निघालं. रंग उडालेला, तिखटपणा कधीच गेलेला. मी तेच दोन चमचे पिठल्यात घातलं. मामा खाली मान घालून जेवले. पिठलं दोनदा मागून घेतलं.

भांडी घासून झाल्यावर मी उतरंड पुन्हा रचली. मोठं खाली, लहान वर, पुरचुंडी आत. मागे सरून पाहिलं, बरोबर वाटलं, म्हणून दिवा उचलला.

"सूनबाई," उंबऱ्याबाहेरून मामांचा आवाज आला, "वरचं जरा डावीकडं व्हतं."

मी ते बोटभर सरकवलं, आणि त्यांनी मान हलवेपर्यंत तिथेच दिवा धरून उभी राहिले.