दहा मोजेपर्यंत

सकाळी लेबलचा रोल मशीनवर चढवला आणि पालेगावहून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले..." एवढंच. मी फोन कानाला धरून उभा, मशीन चालूच, आणि जीन्सची पन्नासेक लेबलं वाकडी कापली गेली. विलासदादा असते तर आधी त्यावरून ओरडले असते.

त्याला दीड महिना झाला. अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर त्यांचं मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, एक माणूस बसेल एवढं. एमआयडीसीतली माणसं मोटर चालवणारी सर्किटं घेऊन त्यांच्याकडे यायची. ही मोटर एकेक पाऊल टाकत फिरते; करंट कमी पडला तर पाऊल चुकते, जास्त झाला तर तापून जळते. किती द्यायचा ते ठरवणारा स्क्रू तिळाएवढा. दादा तो जरासा फिरवायचे, मोटर चालू द्यायचे आणि तिच्यावर बोट ठेवून दहा मोजायचे. दहापर्यंत बोट टिकलं की स्क्रूवर वहिनींच्या लाल नेलपॉलिशचा थेंब. म्हणजे आता कुणी हात लावायचा नाही. "मीटर लावा की दादा," मी म्हणायचो. "मीटरची बॅटरी उतरते रे. बोटाची नाय उतरत."

शुगरने बोटाचीही उतरली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बोटांवर फोड दिसायचे. सोल्डरिंग करताना भाजलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग उल्हासनगरात एका शेठच्या दोन मोटरी एकाच आठवड्यात जळल्या. "मास्टर, उंगली रखके देखा था ना?" शेठने दुकानात येऊन दादांना विचारलं. आणि मी गाढवाने त्याच्यासमोरच म्हटलं, "दादा, तुमच्या बोटांना कळतंय का?" दादांनी हात खिशात घातला.

त्यानंतर दुकान उघडलंच नाही. मी दोनदा घरी गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं बोललो, माफी मागायची तेवढी राहिली... पुढे दादांच्या पायाला जखम झाली, ती चिघळत गेली. डॉक्टर शुगर म्हणतात. मला माझा प्रश्न आठवतो.

माझ्या मशीनचा करंट त्यांनीच लावलेला, दुकान बंद होण्याच्या थोडं आधी. दादा गेल्यावर एकदा मोटरवर बोट ठेवून बघितलं. एक, दोन, तीन... चारला काढावं लागलं. स्क्रू जरासा मागे घेतला की काम होईल, पण त्यासाठी तो लाल थेंब खरवडायला हवा. स्क्रूड्रायव्हर काढला, पुन्हा ठेवून दिला. ही मोटर जळणार, मला माहीत आहे. तरी रोज संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी तिच्यावर बोट ठेवतो आणि मोजतो. चारच्या पुढे जाता येत नाही.