दुसरी हाक

किसनचा फोन सकाळी आला. वैनगंगेच्या अलीकडच्या काठावर त्याचे किराणा दुकान आहे आणि पूल झाल्यापासून तो मोटारसायकलवरून नदीतल्या टापूवर सामान पोचवतो. मागची काही वर्षे हे पोचवणे एकाच घरासाठी होते. मराठी त्याला कळते, बोलतो तो हिंदीतच. "भैया, बुआजी नहीं रहीं," एवढे सांगून तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "लेकिन कल शाम को तो पुकार रही थीं... मैंने खुद सुना." दुपारी डॉक्टर आले. त्यांनी तपासून सांगितले की मृत्यू आदल्या दिवशी सकाळीच झाला असावा. चुलीतली राख थंड होती आणि कपात सकाळचा चहा तसाच होता, त्यावर साय धरलेली. किसन आपल्या सांगण्यावर ठाम होता, आजही आहे. मी बातमीदार आहे; बातमी लिहिताना दोन विधाने जुळत नसतील तर एक खोडावे लागते. ही दोन्ही आहेत तशी ठेवली आहेत, कारण कोणते खोडायचे ते अजून ठरलेले नाही.

शेवंताआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण आणि टापूवर राहणारी शेवटची व्यक्ती. बालाघाटहून गोंदियाकडे जाताना राजेगावच्या बाजूला नदी दोन धारांत फुटते आणि खाली पुन्हा एक होते. मधल्या जमिनीला कागदोपत्री काठावरच्या गावाचा टोला, म्हणजे वाडी, म्हणतात. माणसे नुसते टापू म्हणतात. एकेकाळी तिथे एवढी वस्ती होती की विहारातल्या जेवणाला दोनदा पंगत बसवावी लागे. पावसाळ्यात धान, नंतर त्याच बांध्यांत लाखोळी आणि जवस, उन्हाळ्यात पाणी उतरले की रेतीत टरबुजांची डांगरवाडी. टरबुजे डोंग्यात भरून अलीकडे आणायची, तिथून बैलगाडीने बाजारात. शाळा चौथीपर्यंत होती, अंगणवाडी होती. बाकी सगळे नदीच्या अलीकडे होते: दवाखाना, खत, रॉकेल, कंट्रोलचे दुकान, कोर्ट, लग्नाचा कपडा. म्हणजे रोज सकाळी टापूवरचे अर्धे गाव नदी ओलांडून जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे.

या परत येण्याची एक पद्धत होती. अंधार पडायच्या आधी घरोघरच्या बाया टापूच्या घाटावर जमत. तिथे पाण्याला लागून एक सपाट दगड आहे. त्यावर एकेकीने उभे राहायचे आणि पलीकडे, बाजाराच्या काठाला गेलेल्या आपल्या माणसाच्या नावाने हाक मारायची. पलीकडून त्या माणसाने "हौ" म्हणायचे. हौ मिळाला की दगडावरून उतरायचे आणि मागच्या बाईला जागा द्यायची. सोबत्याने दुसऱ्यासाठी हौ द्यायचा नाही, हा नियम फार कडक होता. ज्याच्या नावाला उत्तर येत नसे, त्याच्यासाठी डोंगे थांबत आणि पलीकडची माणसे कंदील घेऊन काठाने शोधायला निघत. ज्याचा हौ मिळाला त्याला कोणी शोधत नसे. नवऱ्याचे नाव एरवी न घेणाऱ्या बाया या दगडावर ते नदीभर ऐकू जाईल असे घेत. घरात आत्या मामाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, उल्लेख "हे" असाच करी. मधुकर हे नाव तिच्या तोंडून मी घाटावरच ऐकले.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी तिच्याकडे काढत असे. त्यांना मूल नव्हते. मामाजी शांत, थोडे खोडकर गृहस्थ होते. हाकेला ते नुसता हौ देत नसत. "हौ, आलो," असे दोन शब्द म्हणत, आणि घाटावरच्या बाया आत्याला चिडवत की तुझ्या माणसाला नदीतही बोलायची हौस आहे. ती हसत नसे, पण दगडावरून उतरताना पदर सारखा करी.

ज्या संध्याकाळी ते परतले नाहीत त्या वेळी मी बालाघाटला शाळेत होतो. पुढचे मी अनेकांकडून वेगवेगळ्या वेळी ऐकले आणि कोणाच्याही सांगण्यात फारसा फरक नव्हता. मामाजी युरिया आणायला गेले होते. दुपारपासून पाऊस होता, पाणी चढत होते, घाटावर बाया भिजत उभ्या होत्या. आत्याने हाक मारली. पलीकडून हौ आला. ती उतरली, पुढची चढली. सगळी नावे झाली, दोन डोंगे निघाले. पहिल्या डोंग्यातल्यांना वाटले मधुकर दुसऱ्यात आहे, दुसऱ्यातल्यांना वाटले तो पहिल्यात गेला. दोन्ही लागले तेव्हा तो कशातच नव्हता, आणि तोवर नदी अशी झाली होती की डोंगा परत नेणे शक्य नव्हते. पाणी उतरल्यावर पलीकडच्या करंजाखाली त्यांची सायकल सापडली. कुलूप लावलेली, कॅरिअरवर युरियाचे पोते, वर नीट बांधलेला प्लास्टिकचा कागद. आतला युरिया कोरडा होता. ते स्वतः सापडले नाहीत. पोलिसांनी बुडून मृत्यू असे नोंदवले. आत्याने दोन्ही डोंग्यांतल्या माणसांच्या घरी जाऊन एकेकाला विचारले की मधुकरच्या नावाला हौ कोणी दिला. कोणीच दिला नव्हता. डोंगेवाला सुखरू तर म्हातारपणी आपल्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगत असे की त्याने तो हौ ऐकला होता, पण तो काठावरून आला नव्हता. मग कुठून आला, असे विचारले की तो विषय बदले.

पूल फार नंतर झाला. त्याच्या उद्घाटनाची बातमी मीच दिली होती. टापूवरच्या लोकांना आता सर्व सोयी मिळतील, असे त्यात एक वाक्य होते. झाले ते असे की सोयी पुलावरून आत आल्या नाहीत, माणसे बाहेर गेली. आधी हार्वेस्टर आला, कापणीची मजुरी गेली. पोरे गोंदियाला, नागपूरला, रायपूरला लागली. मुले कमी झाली म्हणून शाळा काठावरच्या शाळेत मिळवली, मग अंगणवाडी. शेती पलीकडच्या लोकांना ठेक्याने दिली गेली. ते ट्रॅक्टर घेऊन येतात, रोवणी करतात आणि दिवस मावळायच्या आत निघून जातात. डोंगे उलटे करून ठेवले होते ते तसेच सडले. आजही टापूवरचे धान उत्तम येते. रात्रभर त्याच्याजवळ कोणी नसते.

प्रत्येक घर निघताना बाया आत्याचा निरोप घ्यायला येत, आणि जाता जाता, अर्धे हसत, म्हणत, "आमचीबी हाक मारजो, माय." तिने ते हसण्यावारी नेले नाही. दिवेलागणीला ती दगडावर उभी राही आणि गेलेल्या सर्व घरांची नावे घेई, ज्या क्रमाने ती घरे गेली त्या क्रमाने. शेवटी माझे. मी नोकरीला लागलो तेव्हा तिने बजावले होते, "आनंद, तुह्या नावाची हाक मारली तं तिथूनच हौ म्हणजो. नाईतं लोकं तुले धुंडाले निघतीन." मी हसून कबूल केले. तेव्हापासून संध्याकाळी कचेरीत, खिडकीबाहेरचे दिवे लागताना, मी हळूच हौ म्हणतो. सवय झाली.

एकदा मी तिच्याबरोबर घाटावर उभा राहिलो. पलीकडे कोणी नव्हते, किसनच्या दुकानाचा बल्ब तेवढा दिसत होता. ती एक नाव घेई आणि थांबे. पलीकडून उत्तर यायला जेवढा वेळ लागला असता तेवढीच थांबे, मग मान हलवून पुढचे नाव. मला काही ऐकू येत नव्हते. पण तिच्या चेहऱ्यावरून ती वाट पाहत आहे असे वाटत नव्हते, ऐकत आहे असे वाटत होते... फक्त मामाजींच्या नावाशी ती अडत असे. ते पहिले घेई, थांबे आणि पुन्हा एकदा घेई. बाकी सगळ्यांना एक हाक, मधुकरला दोन. दुसऱ्या हाकेनंतर ती जास्त वेळ थांबे. मान हलत नसे.

शेवटची भेट उन्हाळा संपताना झाली. विजेची तार वादळात तुटली होती आणि एका घरासाठी ती जोडायला माणूस येत नव्हता. मी तिला न्यायलाच गेलो होतो. बालाघाटला खोली रिकामी आहे, दवाखाना जवळ आहे, असे बरेच सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तिथं मी याइचं नाव कुठं घेऊ? तुह्या गच्चीवर?"  मग मी इतकी वर्षे न विचारलेले विचारले, की त्यांनाच दोन हाका काहून? ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"तो याइचा आवाज नव्हता," ती म्हणाली. "मले तवाच समजलं होतं. हे 'हौ, आलो' म्हणत. त्या दिवशी नुसताच हौ आला. मले वाटलं, अजून एक हाक मारावं. पण मागं बाया भिजून राह्यल्या होत्या, कोणीतरी म्हणलं सरक वो माय... मी सरकली."

दुसरी हाक मारली असती आणि तिला उत्तर आले नसते, तर डोंगे थांबले असते. नदी चढायच्या आधी माणसे कंदील घेऊन निघाली असती. एवढेच.  तांदळातला एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "ज्यानं हौ म्हणलं तो हाय अजून तिकडं. पहिल्या हाकेले तोच बोलते. म्हून दुसरी मारा लागते." रोजचे काही सांगावे तितक्या साधेपणाने ती बोलली. मी परत निघालो तेव्हा दिवेलागण व्हायची होती आणि मी मुद्दाम त्याआधी पूल ओलांडला.

पुण्यानुमोदनाला सगळे आले. पुलावरून मोटारसायकली, ऑटो, रायपूरहून एक कार. विहार उघडून झाडले, वंदना झाली, पुन्हा एकदा पंगत बसली. ज्यांची नावे ती रोज घेत असे ती माणसे बायकापोरांसह तिच्या अंगणात जेवत होती, आणि त्यांच्यातल्या कित्येकांना हे माहीत नव्हते. नव्या पोरांना मराठी धड येत नाही. ती हिंदीत विचारत होती की इथे नेटवर्क कुठे मिळेल. जेवणानंतर जुन्या बायांनी आत्याच्या आठवणी काढल्या. तिने शेवटच्या भेटीत जे सांगितले ते मी त्यांना सांगितले. भागाबाई म्हणून त्यांच्यात सर्वांत वयस्क आहेत, आता गोंदियाला लेकाकडे असतात. त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तिच्या मागं मीच होती. 'सरक वो माय' म्या म्हणलं."

 दिवस मावळत आला तशा भागाबाई काठी घेऊन उठल्या आणि घाटाकडे चालू लागल्या. बाया त्यांच्या मागे गेल्या आणि मग बाकीचेही. त्या दगडावर चढल्या. मागे रांग आपोआप लागली, जुन्या वेळची. भागाबाईंनी मधुकरच्या नावाने हाक मारली. म्हातारा आवाज, पण नदीवर तो गेला. आम्ही ऐकत राहिलो. काही आले नाही. त्या उतरल्या नाहीत. त्यांनी दुसरी हाक मारली, पहिलीपेक्षा मोठ्याने. पाण्याखेरीज कशाचा आवाज नव्हता, रायपूरच्या पोरांनीही फोन खाली केले होते. भागाबाई मागे वळल्या आणि पुरुषांकडे पाहून म्हणाल्या, "हौ नाई आला. जा."

नियमच होता तो. माणसे निघाली. कंदील कोणाकडे नव्हते. मोबाइलचे दिवे लावून आम्ही पूल ओलांडला आणि करंजापासून खालच्या वळणापर्यंत काठ पाहिला, झुडपे बाजूला करून, पाण्यात वाकून, एकमेकांना आवाज देत. काही सापडणार नाही हे प्रत्येकाला माहीत होते. तरी मधून कोणी परतले नाही. भागाबाई दगडावर उभ्या होत्या, आमचे दिवे परत येईपर्यंत.

परतताना किसन माझ्याबरोबर चालत होता. बुआजींनी त्या शेवटच्या संध्याकाळी काय काय पुकारले, ते मी त्याला पुन्हा विचारले. बातमीदाराची सवय. सगळी नावे, रोजच्यासारखी, तो म्हणाला. एक गोष्ट वेगळी होती. "मधुकरजी का नाम एक ही बार लिया. फिर आगे बढ़ गईं."

त्या संध्याकाळी, डॉक्टरांच्या हिशेबाने आत्या गेल्यानंतर, मी कचेरीत बातम्या लावत होतो. खिडकीबाहेर दिवे लागले आणि मी नेहमीसारखा हौ म्हणालो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान वर केली होती, हे आता आठवते. रोज मी इतक्या हळू म्हणतो की त्याला कधी ऐकू जात नाही. त्या दिवशी त्याने दाराकडे पाहिले आणि मला विचारले, कोण बाई हाक मारून राह्यली तुले?