सायकलीवर घातलेलं नाव

माझं काम गंजाशी भांडायचं. तेलाच्या पाइपांना गंज कुठे लागतोय ते शोधायचं आणि तो मुळापासून काढायला लावायचं. वीस वर्षं हेच केल्यामुळे गंज दिसला की माझे हात शिवशिवतात. घरातल्या तव्यालाही मी सोडत नाही, असं बायको म्हणायची. आता ती मुलीच्या कॉलेजसाठी पुण्याला असते आणि कुवेतमधल्या सबाह अल-सालेम भागातल्या फ्लॅटमध्ये मी आणि तो तवा, दोघेच.

गेल्या हिवाळ्यात शुक्रवारच्या जुन्या बाजारात, गालिच्यांच्या ढिगामागे मला एक सायकल दिसली. हिरवी, उंच, चेन पूर्ण झाकलेली आणि भरपूर गंजलेली. हँडलखालचा पितळी बिल्ला मी बोटाने पुसून पाहिला. बाबांची सायकल याच कंपनीची होती.

बाबा इथल्या एका इस्पितळात एक्स-रे काढायचे. नाशिकहून माझ्या जन्माची तार आली, त्याच आठवड्यात त्यांनी मायदेशी परतणाऱ्या डच शेजाऱ्याकडून ती सायकल घेतली. बनेद अल-गारमधल्या घरातून समुद्राकाठाने ते तिच्यावरून ड्यूटीला जात. नव्वद साली युद्ध आलं. बाबा दोन पिशव्या घेऊन बसने बाहेर पडले आणि सायकल इमारतीच्या जिन्याखाली राहिली. घरी आल्यावर कुवेतबद्दल ते फार बोलले नाहीत. बोलले ते सायकलीबद्दलच.

मी सायकल घेऊन आलो, हॉलमध्ये भिंतीला टेकवली आणि पुढच्या चार संध्याकाळी कंपनीचा इतिहास वाचत बसलो. दुसरं करायला होतं काय? हॉलंडमधल्या एका गावातल्या लोहाराने ती कंपनी काढलेली. आधी नांगराचे फाळ, मग शिलाई मशिनं, मग सायकली. पावसाळी देश, म्हणून चेन पत्र्याच्या पेटीत बंद. चौकटीवरच्या सोनेरी रेघा कारागीर एका दमात ब्रशने ओढायचे. पुढे लोक मोटारी घ्यायला लागले, नातवंडांनी कारखाना विकला, तिथे आता फ्लॅट झालेत. नाव तेवढं उरलं, तेही कुठेतरी तिसरीकडेच तयार होणाऱ्या सायकलींवर चिकटवतात. याला काय जिवंत राहणं म्हणतात? पण मी चारही संध्याकाळी वाचत होतो, आणि जेवताना सायकलीशी एक-दोन वाक्यं बोललोही.

बाबांना काही कळवलं नाही. सरप्राईज द्यायचं होतं. त्याआधी गंज काढायलाच हवा, नाही का? ओळखीच्या फोरमनकडून चौकटीवर वाळूचा मारा करून घेतला, लोखंड चांदीसारखं लख्ख निघालं. मग नवा हिरवा रंग. शुक्रवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर ऐटीत दाखवली.

बाबा म्हणाले, "पॅडलच्या वर, मधल्या दांडीवर बघ बरं. तुझं नाव घातलंय."

"नाव?"

"भांड्यावर घालतात तसं. मशीन कुठलं मिळायला? खिळ्याने रंगावर टिंबं काढत बसलो होतो. आहे का?"

रंगावर. तोच रंग मी वाळूने उडवून टाकला होता. "फोनला चार्जिंग नाहीये, बाबा. पुढच्या शुक्रवारी दाखवतो," म्हणून मी फोन बंद केला.

त्या दांडीवरून किती वेळा बोट फिरवलं असेल! काही लागत नव्हतं. तिथे नाव होतं की नव्हतं, हे आता जगात कुणालाच कळणार नव्हतं, आणि ते मीच घालवलं होतं. सायकल बाबांची निघाली असती तर या देशात माझं कुणीतरी आहे, इतकी वर्षं माझं नाव अंगावर घेऊन थांबलेलं आहे, असं मला वाटलं असतं. एवढंच हवं होतं मला.

आठवडाभर ऑफिसला जाताना गाडीत एकच विचार. शेवटी गुरुवारी खिळा आणि हातोडी घेतली आणि टिंब टिंब करत स्वतःचं नाव स्वतःच घातलं. वाकडंतिकडं, जुनं वाटावं असं.

शुक्रवारी बाबांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांशी नेला.

"चि. कुठंय?" त्यांनी विचारलं. "मी आधी चिरंजीव घातलं होतं."

स्वतःच्या नावाआधी चिरंजीव कोण घालतं? माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"बाबा, हे मी घातलं," मी म्हणालो. "तुमचं असलंच तर रंगाबरोबर गेलं. ती तुमची होती की नाही, आता कळायचं नाही."

बाबांनी चष्मा काढून खाली ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "येताना घेऊन ये तिला. चि. तू घालायचं नसतं, मी घालतो. नावाआधी जागा सोडलीयस का तेवढी?"

मी वाकून पाहिलं. एका अक्षरापुरती होती.