डार्नली गिटन्सचे गुरुवार

डार्नली गिटन्सला गोल्फची मनापासून चीड होती. तरी नऊ वर्षं तो दर गुरुवारी खेळला, आणि नऊ वर्षांत त्याच्या तोंडावर एकदाही खेळणाऱ्याचा भाव दिसला नाही. दाढ काढून घ्यायला निघालेला माणूस चालतो तसा तो सकाळी दहाला आमच्या चॅपमन्स गावाचा उतार उतरायचा. कॉलरचा पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, पाठीवर कुणा मेलेल्या इंग्रजाच्या पाच काठ्या. रमच्या दुकानासमोर डॉमिनो खेळत बसलेली मंडळी तेवढ्यापुरती सोंगट्या आपटायची थांबत.

“सर डार्नली निघाले,” कार्लाइल म्हणायचा. “गव्हर्नरला कळवा, म्हणावं चहा टाक.”

“चहा कसला, शॅम्पेन. कातडीसुद्धा उजळलीय बघ हल्ली.”

डार्नली न वळता पुढे निघून जाई. त्याला आम्ही सगळेच मूर्ख वाटायचो. त्यात त्याची फारशी चूक नव्हती.

तो मोजणी खात्यातला. चौतीस वर्षं त्यानं साहेबांपुढे लोखंडी साखळी ओढली. साखळी धरणाऱ्याला कुणी नावानं हाक मारत नाही. ‘अरे, डावीकडे’, ‘अरे, ताण जरा’, एवढ्यावर माणसाचं आयुष्य निघून जातं. पण साखळी ओढता ओढता त्याला एक गोष्ट कळली होती. जमीन कुणाची हे जमिनीवर कुठेच लिहिलेलं नसतं. ते कागदावर असतं, आणि कागद वाचायचा कंटाळा हा गरिबाचा सगळ्यात महाग शौक.

म्हणून तो वाचायचा. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर, चर्चच्या पत्रकाची मागची बाजू, विजेच्या बिलाखालच्या सूचना. बायको गेली तेव्हा शवपेटीवाल्याचा करार त्यानं उभ्यानं वाचला आणि त्यातली एक ओळ खोडायला लावली. लोक रडत होते, आणि हा पेन मागत होता.

चॅपमन्सची उसाची जमीन सरकारनं नव्याण्णव वर्षांसाठी रिसॉर्टला दिली, तेव्हाची मोजणी त्याच्याच साखळीनं झाली. त्याची ती शेवटची. दुपारी महोगनीच्या सावलीत साहेबानं करार मोठ्यानं वाचला. डार्नली भाजलेला नीरफणस खात ऐकत होता. चौदाव्या कलमाशी त्याचा घास थांबला.

कलम असं होतं. मैदान दर गुरुवारी बेटावरच्या रहिवाशांना खेळायला खुलं राहील. मैदानातून समुद्राकडे उतरणारी उसाच्या गाड्यांची जुनी वाटही सगळ्यांना खुली राहील. मात्र सलग बारा गुरुवार एकाही रहिवाशानं अठरा खळग्यांचा पूर्ण डाव खेळला नाही, तर लोकांना गरज उरलेली नाही असं धरून मैदान आणि वाट दोन्ही बंद करता येतील.

ज्यानं हे लिहिलं त्याला आमची जात पक्की ठाऊक होती. उसाच्या गावात गोल्फ कोण खेळणार? त्यात वर नियम: कॉलर हवी, काठ्या स्वतःच्या हव्यात, बाराच्या आत सुरुवात हवी. आम्हांला हक्क दिला होता, पण असा, की तो वापरणाऱ्याला शेजारी हसतील.

वाटेनं पेल्टन बे, म्हणजे आमचा समुद्रकिनारा, बारा मिनिटांवर. वाट गेली तर हमरस्त्यानं अडीच मैलांचा वळसा. पहाटे म्हातारे त्या वाटेनं जाऊन दुखरे गुडघे खाऱ्या पाण्यात बुडवायचे. होड्यांकडे जायची वाट तीच, रविवारी पोहायची तीच, प्रेमात पडायचीही तीच. डार्नलीनं पहिल्याच वर्षी चर्चच्या सभेत कलम वाचून दाखवलं. आम्ही आमेन म्हटलं आणि शनिवारचं पुडिंग यंदा कोण करणार ते ठरवायला घेतलं. त्यानंतर त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. काठ्या विकत घेतल्या.

खेळायचा तो क्रिकेटसारखा, डावा पाय पुढे टाकून. चेंडू झाडीत जायचा, तळ्यात जायचा, एकदा कुणा बँकवाल्याच्या पोटावर गेला. त्याला पर्वा नव्हती. अठरावा खळगा झाला की तो खिडकीशी जाऊन आपल्या नावापुढे ‘रहिवासी’ लिहिलंय ना ते वाचायचा आणि घरी यायचा. खिडकीशी त्याची भाची रोझिटा बसायची, बहिणीची मुलगी. तीही वैतागायची.

“अंकल, मी बरोबर लिहिते हो.”

“तू लिहितेस. मी वाचतो.”

दहाव्या वर्षी रिसॉर्टचा मॅनेजर प्रेंटिस स्वतः त्याच्या घरी आला. गावानं दारातून, खिडकीतून, कुंपणावरून पाहिलं. प्रेंटिस म्हणाला, “मिस्टर गिटन्स, तुमच्यासारखी निष्ठा आम्ही पाहिली नाही. संस्थेनं तुम्हांला तहहयात मानद सभासद करायचं ठरवलंय.”

मिस्टर गिटन्स. चौतीस वर्षं साखळीच्या टोकाला ‘अरे’ म्हणून राहिलेल्या माणसाला ते दोन शब्द कसे लागले असतील, मला ठाऊक नाही. दारूसारखे लागले असावेत. समारंभ झाला. पाद्री बोलले. पितळी फलक दिला, टाय दिला, फोटो काढले. ज्या गावानं नऊ वर्षं त्याची टवाळी केली, त्यानं त्या दिवशी टाळ्या वाजवून हात लाल केले. कार्लाइल तर म्हणाला, “आपला माणूस आहे.” एक छापील अर्ज पुढे आला. आयुष्यभर कागद वाचणाऱ्या डार्नलीनं तो एक कागद वाचला नाही, कारण अर्जाच्या माथ्यावर त्याचं पूर्ण नाव सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. त्यानं सही केली.

पुढचे गुरुवार त्याला फुकट झाले. पहिल्याच खळग्याशी लिंबाचा वास असलेला थंडगार टॉवेल मिळू लागला. कुणीतरी त्याला डावा पाय मागे घ्यायला शिकवलं. एकदा चेंडू सरळ गेला, आणि तो हसला. नववा, दहावा, अकरावा गुरुवार गेला. माणसाला विकत घ्यायला काय लागतं याचा हिशेब आम्ही उगाचच मोठा धरतो. एक ओला टॉवेल पुरतो.

बाराव्या गुरुवारी खेळायच्या आधी तो खिडकीशी गेला तेव्हा रोझिटा वहीची पानं उलटत होती.

“बरं झालं आलात. मॅनेजरसाहेबांनी रहिवाशांच्या वहीची प्रत मागितलीय. गंमत बघा अंकल, तीन महिन्यांत एक नाव नाही.”

“माझं नाव आहे ना.”

“तुमचं सभासदांच्या वहीत. सभासद म्हणजे रहिवासी नव्हे. अर्जावर होतं की तसं.” ती पेन कानावर ठेवत म्हणाली, “आणि शेडमागे लोखंडी फाटक येऊन पडलंय. कुठं बसवणार कोण जाणे.”

 डार्नली म्हणाला, “मला रहिवासी लिही.”

“नाही लिहिता येत. राजीनामा द्या. तीस दिवस लागतात.”

“आजचा गुरुवार कितवा?”

तिनं बोटांवर मोजलं, आणि तिचं बोट बाराव्यावर थांबलं. हळू आवाजात म्हणाली, “बाराच्या आत कुणालातरी आणा. मी खिडकी सोडत नाही.”

पावणेअकरा वाजले होते. आम्ही त्याला चढ चढून धावत येताना पाहिलं. सत्तरीचा माणूस, टायचं टोक खांद्यावर उडालेलं. दुकानासमोर येऊन त्यानं सगळं एका दमात सांगितलं: सही, वही, फाटक.

“कार्लाइल, ऊठ. कॉलरचा शर्ट घाल. काठ्या माझ्या घे.”

“माझा हात बघ. डबल सिक्स आहे हातात.”

“वाट बंद होईल रे.”

“बंद कशी होईल? वाट आहे ती. माझा आजा गाडी हाकायचा तिच्यावरून.”

“तुझा आजा कागदावर नाही.”

“मग तूच खेळ की, मेंबर. तुला फुकट आहे.”

सगळे हसले. मीही हसलो असेन. डार्नली चर्चचा कारभार पाहणाऱ्या बॅरोकडे वळला.

“मला ऊन सोसत नाही, डार्नली,” बॅरो म्हणाला. त्याच्या खांद्यावरचा टॉवेल अजून ओला होता. अर्ध्या तासापूर्वीच तो त्या वाटेनं समुद्रस्नान करून आला होता.

आणखी एक जण म्हणाला, सरकारकडे अर्ज करू. आणखी एक म्हणाला, हे होणारच होतं. होणारच होतं म्हणणाऱ्याला आमच्याकडे शहाणा समजतात.

तेवढ्यात आयांथी ग्रीनिज बेवरून वर आली. चाळीस वर्षं ती डोक्यावर मासळीची टोपली घेऊन ती वाट चढत होती, आणि डार्नलीला गावात सगळ्यांत जास्त टोमणे तिनंच मारले होते. तिनं टोपली बदामाच्या झाडाखाली उतरवली, कंबरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

“कुठली वाट? ही, मी आत्ता आले ती?”

“तीच.”

“म्हणजे मी हे ओझं घेऊन हमरस्त्यानं यायचं.”

“हो.”

“आणि तू तर कागद वाचणारा ना, गिटन्स?”

 दहा वर्षांत डार्नलीला पहिल्यांदाच कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता.

“शर्ट काढ,” आयांथी म्हणाली.

त्यानं शर्ट काढला. तिनं तो आपल्या झग्यावरून चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली, बाह्या दुमडल्या. त्याच्या अंगात उरला बनियन. बारा वाजायला दहा मिनिटं असताना रोझिटानं रहिवाशांच्या वहीत नाव लिहिलं. बनियनमधल्या सभासदाला मैदानात पाऊल टाकायची बंदी, म्हणून डार्नली गाडीवाटेवर उभा राहिला. वाटेला कॉलरचा नियम नव्हता. शेजारी तिची टोपली होती. जाताना तिनं बजावलं होतं, “विकले नाहीस तर तुझ्या डोक्यावर ओतीन.”

आयांथीनं मासळीच्या सुरीशिवाय हातात काही धरलेलं नव्हतं. ती उडत्या माशाचे काटे काढते तशीच खेळली, मनगटातून छोटे छोटे छाट देत. चेंडू कधी वीस पावलं जायचा, कधी चाळीस. पण सरळ जायचा. प्रेंटिस छोट्या गाडीतून तिच्या मागेमागे होता, सोबत पाण्याची बाटली आणि सहानुभूती.

“मॅडम, दमला असाल तर सोडून द्या. कुणी काही म्हणणार नाही.”

“तुम्ही बसून दमलात का?”

मागून दोन पाहुणे आले, आम्हांला पुढे जाऊ द्या म्हणाले. ती म्हणाली, “मी चाळीस वर्षं तुमच्या गाड्यांना वाट देतेय. आज थांबा.” ते थांबले. मग सावलीत बसले. मग निघून गेले.

वाट जिथं मैदानाला चिकटून जाते तिथं डार्नलीचा आवाज ऐकू यायचा. “डावीकडे घे, डावीकडे. ताण जरा.” दुपारी दुकानातली मंडळी एकेक करून वाटेवर उतरली. मदतीला नाही, मासे घ्यायला. कार्लाइलनं सहा घेतले.

“काटे काढून दे.”

“मला येत नाही,” डार्नली म्हणाला.

“मग कसला मासेवाला तू?” आणि तिथंच उभं राहून सगळ्यांनी मैदानातल्या बाईकडे पाहून पोट धरधरून हसून घेतलं. ज्या वाटेवर ते उभे होते ती त्या वेळी तिच्या मनगटावर टांगलेली होती. एकाचंही हसू त्यामुळे कमी झालं नाही.

सोळाव्या खळग्याशी तिच्या तळहाताचे फोड फुटले. तिनं कॉलरमागे खोचलेला रुमाल हाताला बांधला. सतराव्याला चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला, तिथं तिनं अकरा फटके मारले. सूर्य पेल्टन बेवर टेकला होता. सहाला मैदान बंद होतं. प्रेंटिस आता घड्याळ लपवत नव्हता.

सहाला बारा मिनिटं असताना शेवटचा चेंडू खळग्यात पडला. आयांथीनं वाकून भोकात पाहिलं, मग मान वर करून सगळीकडची हिरवळ पाहिली.

“एवढ्याशा भोकाला एवढी जमीन लागते?”

प्रेंटिस अभिनंदन म्हणाला. ती म्हणाली, “सही करा.” डाव पुरा झाल्याचा साक्षीदार हवा असतो, आणि दिवसभर तिच्या मागे दुसरं कुणीच नव्हतं. त्यानं सही केली. तिनं तो कागद वाटेवर आणून डार्नलीपुढे धरला. त्यानं दोनदा वाचला, मागची बाजूही वाचली.

“बरोबर आहे.”

“मासे किती राहिले?”

“चार.”

“ते तू घे. शर्ट धुऊन देणार नाही मी.”

वाट अजून खुली आहे. फाटक शेडमागे गंजतंय. आयांथी दर दहाव्या गुरुवारी खेळते, एकही गुरुवार जास्त नाही. शर्ट अजून डार्नलीचाच असतो. डार्नलीनं राजीनाम्याचा अर्ज आणला, तीनदा वाचला आणि कपाटात ठेवला. मधले गुरुवार तो फुकट खेळतो. त्याचा फटका पुष्कळ सुधारलाय. आता दुकानासमोरून जाताना कुणी त्याला टोमणा मारत नाही. सभासद आहे तो. टोमणे आयांथीला.

“लेडी आयांथी, आज मासे कसे?”

“ताजे.”

“काटे काढून दे की.”

“वेळ नाही. खेळायला जायचंय.” खेळायचा गुरुवार दोन महिने लांब असला तरी ती हेच म्हणते, आणि टोपली उचलून बॅरोच्या दाराशी जाते. त्यालाही काट्यांसकटच देते. मलासुद्धा.