वैद्यबाईंची सुटका

वैद्यबाईंचं आडनाव वैद्य नव्हतं. साबणाच्या कारखान्यात लागल्या त्याच वर्षी त्यांनी एका मोटरला नुसता कान लावून तिचं दुखणं सांगितलं, तेव्हापासून हे नाव चिकटलं. नाव चिकटलं आणि त्याही चिकटल्या. पातळ साबणाच्या बाटल्या भरायच्या विभागात जरा कुठे अडलं की "बोलवा वैद्यबाईंना!" सुट्टीच्या दिवशी केस धुवायला बसल्या तरी फोन वाजायचा.

नवरा आणि मुलगी दुसऱ्या गावी, सासूबाईंजवळ. तिथल्या शाखेत बाईंची बदली कधीच मंजूर झाली होती. पण इथल्या साहेबांनी सोडल्याशिवाय जाता येईना, आणि साहेबांचं पालुपद ठरलेलं, "तुमच्या जागी माणूस तयार करा, मग खुशाल जा."

म्हणून बाईंनी बॉयलरवरच्या काकांना हाताशी धरलं. काका वयाने थोर, पाना-पकडीत पक्के, पण कॉम्प्युटर दिसला की त्यांना घाम फुटायचा. बाईंनी त्यांना चिकाटीने शिकवायला घेतलं. काकांचं शिकणं म्हणजे आपली सुटका, हे बाईंना रोज दिसत होतं.

त्यात मशीनने नवीच खोडी काढली. बाटल्या किती आणि कधी भरायच्या हे ठरवणारा पीएलसी, म्हणजे मशीनचा मेंदूच, मधूनच कंट्रोल रूमशी बोलेनासा व्हायचा. स्क्रीनवर लाल अक्षरं यायची, 'संपर्क नाही'. बाई धावत जाऊन बघतात तर पीएलसीवरचा हिरवा दिवा छान लुकलुकतोय. वायर बदलली, जोडण्या घट्ट केल्या, सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो स्विचही नवा बसवला. पुन्हा तेच. बहुतेकदा हे दुपारी, जेवणाच्या सुट्टीत व्हायचं. "जेवल्यावर डुलकी लागते त्याला," असं म्हणून पॅकिंगवाल्या हसायच्या. बाईंना हसू येईना. साहेबांनी सांगूनच टाकलं होतं, "हे निस्तरल्याशिवाय जाण्याचं नावही काढू नका."

एका दुपारी डबा तसाच उघडा टाकून बाई मशीनच्या पॅनेलपाशी बसल्या होत्या. एवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

"सूनबाई, तुझी लेक विचारते, आई फोनमध्येच राहते का गं?"

"येतेच आहे, आई. एवढं एक मशीन मार्गी लागू दे."

"मागच्या वेळीही मशीनच होतं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला.

तेवढ्यात कंट्रोल रूममधून ओरडा आला, स्क्रीन पुन्हा लाल झाला होता. बाईंनी लॅपटॉप जोडला आणि पीएलसीच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावर हाक मारली. अशी हाक मारायची आणि पलीकडून उत्तर येतं का बघायचं, ही नेहमीची पद्धत. उत्तर येत होतं. संतापाच्या भरात त्यांनी पीएलसीची वायरच उपटली. उत्तरं थांबली. आणि थोड्या वेळाने पुन्हा यायला लागली!

बाई हातातल्या वायरकडे बघत राहिल्या. वायर माझ्या हातात, मग उत्तर देतंय कोण?

त्या उठून स्विचपाशी गेल्या. एकेक वायर काढायची, लॅपटॉपकडे बघायचं, परत लावायची. कोपऱ्यातली एक वायर काढली आणि उत्तरं बंद पडली. ती जात होती प्रशिक्षणाच्या खोलीत.

खोलीत काका होते. चष्मा कपाळावर, पुढ्यात सरावाचा जुना पीएलसी. बाईंना बघून ते दचकून उभे राहिले.

"जेवणाच्या वेळेत येतो गुपचूप," ते ओशाळून म्हणाले. "सगळ्यांसमोर चुकलो की लाज वाटते. तुम्हाला लवकर जाता यावं म्हणून म्हटलं थोडा सराव करावा. काही बिघडलं का?"

बाईंनी त्या पीएलसीचा पत्ता तपासला. काकांना शिकवायचं म्हणून चालू मशीनमधलं सगळं त्यांनीच या जुन्या डब्यात जसंच्या तसं उतरवलं होतं. त्याबरोबर पत्ताही उतरला. काका डबा सुरू करायचे, एका पत्त्यावर दोन्ही पीएलसी हजर व्हायचे आणि मशीनला द्यायचा निरोप भलत्याच दारात जायचा.

"तुमचं काही चुकलं नाही, काका. बसा. याचा पत्ता बदला. मी हात लावणार नाही."

काकांनी चाचपडत, दोनदा चुकून, पत्ता बदलला. कंट्रोल रूममधला स्क्रीन स्थिर झाला.

बाईंनी साहेबांना सगळं खरं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट. साहेब खूश झाले.

"बघा! दुसऱ्या कुणाला सापडलं असतं का हे? आता तुम्हीच सांगा, तुम्हाला सोडू कसा?"

"साहेब, सापडत नव्हतं म्हणून सोडत नव्हतात. आता सापडलं म्हणून सोडत नाही. मग मी करू तरी काय?"

साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "पुढच्या महिन्यात बघू."

संध्याकाळी बाईंनी घरी फोन लावला. "लेक अंगणात खेळतेय, बोलावू का?" नवऱ्याने विचारलं. "नको, खेळू दे," असं म्हणून त्या कितीतरी वेळ फोन हातात धरून आपल्या भाड्याच्या खोलीत बसून राहिल्या. एकच खिडकी, तिच्यातून दिसायची ती कारखान्याची भिंत.

त्या पुढच्या महिन्यामागून बरेच महिने गेले. शेवटी साहेबांचीच बदली झाली. नव्या साहेबांनी बाईंच्या अर्जावर मान वर न करता सही केली. काका तोवर तरबेज झाले होते, गेटपर्यंत पोचवायला आले आणि डोळे पुसत परतले.

घरी पोचल्या त्या रात्री मुलीने आपली उशी आजीच्या खोलीत नेली आणि पाहुण्यांना देतात तशी आपली खाट आईला दिली. मग दारात थांबून अदबीने विचारलं, "आई, परत कधी जाणार?"

"आता नाही जायचं, बाळा."

"बरं," मुलगी म्हणाली. पण तिचा विश्वास बसला नव्हता, हे बाईंना दिसलं.