यहया बर्फात पडला त्याची गोष्ट

श्रीवर्धनकडच्या बाप्यांना आखातात पाऊल ठेवलं की एक खोड लागते. रस्त्याकडेला चकाचक गाडी उभी दिसली की तिच्या बॉनेटवर कोपर टेकायचं, पोट आत घ्यायचं आणि फोटो काढून गावाला धाडायचा. गाडी माझी असं कुणी म्हणत नाही. गावानं काय समजायचं ते समजावं.

यहया दुबईत अल कुसैसला आला, डिलिव्हरीची मोटारसायकल चालवू लागला, आणि त्यानंही बिल्डिंगखालच्या पांढऱ्या लँडक्रूझरला असंच कोपर टेकलं. घात एवढाच झाला, की त्याच आठवड्यात गावच्या खालच्या पाखाडीतल्या अहमदनं त्याच गाडीला टेकलं होतं. कुणाच्या तरी मेहंदीला बाया जमल्या, तिथं दोन मोबाईल शेजारीशेजारी धरले गेले आणि एकीनं दोन्ही नंबरप्लेटी मोठ्यानं वाचल्या. बाया लोळून लोळून हसल्या. यहयाची बायको शहनाझ ओल्या मेहंदीचे हात धुऊन घरी आली.

तिनं व्हिडिओ कॉल लावला, लेकीला मांडीवर घेतलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तिथं भांडी घासताव तर घासा. मना लाज नाय. पण यापुढं खोटा सांगितलाव, तर ही सफा नि मी माझ्या आईच्या घरी."

यहयानं शपथ घेतली आणि पाळलीही. खोलीतल्या दुमजली खाटा, हेल्मेटखाली डोक्यावर उठलेलं घामोळं, उन्हात वितळून हँडलला चिकटलेली हातमोज्याची रबरी पट्टी, सगळं तो तिला दाखवू लागला. शहनाझ बघायची, चुकचुकायची, आणि मग तिच्या आवाजात असं काही यायचं की लँडक्रूझरच्या दिवसांत ते कधी आलं नव्हतं. खोलीतला खैरुद्दीन चाचा, त्याच किनाऱ्याचा आणि वयानं मोठा, त्याला चिडवायचा, की बायकोला गरिबी दाखवून खूश करणारा तूच पहिला.

भर ऑगस्टात अंकुर भेटला. जाहिरातीवाल्यांच्या कंपनीत नोकरी, मूळचा ठाण्याचा. यहयानं त्याच्या दारात जेवणाचं पार्सल दिलं, तेव्हा त्यानं पार्सल सोडून यहयाचे खांदेच न्याहाळले. शूटिंगसाठी एक गोरा मॉडेल आणला होता, पण त्याला मोटारसायकल चालवता येत नव्हती. यहयाची उंची-बांधा तंतोतंत त्याच्यासारखा.

"आपलाच माणूस निघालास की," अंकुर म्हणाला. "सिंपल शॉट आहे. हेल्मेट असणार, फेस दिसणार नाही. नंतर क्लिप मी तुला पर्सनली पाठवतो."

क्लिप म्हटल्यावर यहया भुलला. गावाला दाखवायला एकदा तरी खरंखुरं काही मिळेल, एवढंच त्याच्या मनात आलं.

शूटिंग होतं कुसैसच्याच औद्योगिक भागात, मासळीच्या एका रिकाम्या शीतगृहात. दारात सगळ्यांचे मोबाईल पाकिटात घालून सील केले. बाहेर डांबर पाघळत होतं आणि आत मशीन बर्फ किसून भिंतीपर्यंत उडवत होतं. त्या पांढऱ्या शुभ्र रानाला सुरमईचा वास येत होता. यहयाला अंगात जाड कोट चढवला, हातमोजे दिले आणि चालव म्हणाले.

पहिल्या फेरीत पुढचा ब्रेक दाबला तसा तो सपशेल आडवा झाला. लोक हसले. दुसऱ्यांदाही तेच. मग त्याला घराकडच्या विहिरीच्या पायऱ्या आठवल्या, जांभ्याच्या, पावसाळ्यात शेवाळ धरणाऱ्या. तिथं दचकून पाय रोवला की माणूस गेलाच. अंग सैल सोडायचं, नजर पुढं ठेवायची, पाय नुसता टेकवत जायचं. त्यानं ब्रेकवरची बोटं काढली, गिअर खाली ठेवला आणि गाडीला तिच्या मनासारखं थोडं वाकडं जाऊ दिलं. गाडी गेली. श्वासाची वाफ काचेवर येत होती, चाकाखाली बर्फ चुरचुरत होता, आणि हे शहनाझला कसं सांगायचं याची वाक्यं तो हेल्मेटच्या आत जुळवत होता.

दुपारनंतर शूटिंग घेणाऱ्या साहेबांना वेग हवा झाला. तोवर फेऱ्या मारमारून खालचा भुसभुशीत बर्फ दाबला गेला होता, काचेसारखा कडक. यहयानं त्याकडे बोट दाखवलं. अंकुर म्हणाला, लास्ट शॉट, यल्ला, चल लवकर. मागचं चाक आडवं निसटलं आणि सगळी गाडी त्याच्या नडगीवर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला.

अंकुरनं स्वतःच्या गाडीनं त्याला हॉस्पिटलच्या दारापर्यंत नेलं. वाटेत समजुतीच्या सुरात समजावलं, की तुझा व्हिसा डिलिव्हरी कंपनीचा, दुसरीकडे काम केल्याचं कळलं तर तुलाच त्रास. जिन्यावरून पडलो म्हण. खलास. यहयानं डॉक्टरला तेच सांगितलं आणि कंपनीलाही. खैरुद्दीन चाचानं तेच गावाला फोन करून कळवलं.

शहनाझला मात्र त्यानं शपथेप्रमाणे खरं सांगितलं.

तिनं मांडीवरच्या सफाला खाली ठेवलं. मग म्हणाली, "दुबईत. बर्फात. मोटारसायकलवरून."

"अल्लाकसम."

"चाचा सांगतात जिन्यावरनं. तुमी सांगताव बर्फावरनं. कुणाशी मारामारी केलीव? दुसरी बाई हाय तिथं?"

त्याला पटकन हसू आलं, आणि त्या हसण्यानं होतं नव्हतं ते गेलं. दुसऱ्या दिवशी ती सफाला घेऊन माहेरी गेली. फोन वाजून वाजून बंद पडायचा. क्लिपसाठी त्यानं अंकुरला निरोपांवर निरोप पाठवले. आधी इन्शाल्ला आलं, मग कंपनीची पॉलिसी आली, मग काहीच येईना.

प्लास्टर निघायच्या सुमारास जाहिरात आली. खैरुद्दीन चाचाच्या मोबाईलवर यहयानं ती पाहिली आणि खाटेवर ताठ बसला. तेच ते रान, तीच गाडी, ती वाकडी जाऊन सरळ होणारी चाल त्याची स्वतःची. त्यानं लगोलग शहनाझला पाठवली. खाली लिहिलं, हा मी.

तिनं शेवटपर्यंत पाहिली. शेवटी गाडी थांबते, माणूस हेल्मेट काढतो, निळ्या डोळ्यांचा गोरा हसतो आणि कॉफीचा घोट घेतो.

फोन तिनंच केला. आवाज रडून बसला होता.

"आधी गाडी दुसऱ्याची होती. आता माणूसच दुसरा. सफाच्या डोक्यावर हात ठेवला होता ना ओ मी?"

यहयानं पायाकडे पाहिलं. प्लास्टरच्या आतून खाज सुटली होती आणि तिथं हात पोचत नव्हता.

"जिन्यावरनं पडलो," तो म्हणाला.

पलीकडे ती नाक ओढायची थांबली.

"कसं?"

मग त्यानं सांगितलं. लिफ्ट बंद होती. कुणीतरी जिना धुतला होता, साबणाचं पाणी तसंच होतं. हातात पार्सल, म्हणून कठडा धरता आला नाही. दचकून पाय रोवला, तिथंच चुकलं. पायरीची एक कड फुटकी होती, नडगी नेमकी तिच्यावर आली. सांगता सांगता त्याला तो जिना, ती कड, तो फेस सगळं दिसायला लागलं.

शहनाझ एकेका पायरीवर हळहळत होती. डॉक्टरनं गोळ्या दिल्यात का, जेवण कोण देतो, सगळं विचारून झालं. उद्याच घरी परत जाते म्हणाली.

"पडलाव तर पडलाव," ती मायेनं म्हणाली. "आधीच खरा सांगायला काय होत होता तुमाला?"