उन्हात न नेलेला रंग

चौथीपर्यंतच शिकले मी. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे, सांभाळून घ्या.

गाडी रंगवायला आली की आमच्या गॅरेजचे काका आधी डोळे मिटत आणि बोनेटवरून नखाची पाठ फिरवत. "इथं एक. इथं एक. हा तर पार पत्र्यापर्यंत गेला, माय." राजूरच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक कशी गिट्टी उडवतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. त्या गिट्टीनं गाड्यांच्या रंगाचे टवके उडत आणि काका ते भरत. त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये मी वॉटर पेपरनं पत्रा घासायचं काम करायची.

"दातातली कीड दिसत नाही लोकायले, बोनेटवरचा टिपका दिसते," असं म्हणून काका स्वतःच हसत.

रंग कालवला की तो कागदावर फासून माझ्या हाती देत. "सावलीत रंग खोटं बोलते. उन्हात ने." मी बाहेर नेऊन गाडीच्या भागाशी ताडून बघायची आणि मान हलवायची. परक्यांसमोर मला बोलायला जमतच नाही.

पुढं त्यांना माझ्या मानेचाच आधार उरला. डोळ्यांत मोतीबिंदू होता, निळा रंग कळेनासा झाला होता. "कोणाले सांगू नको, माय. आंधळ्याजवळ गाडी कोण आणन?"

एकदा एका ट्रकमालकाची चंदेरी गाडी आली. टवके इतके, की पूर्ण बोनेटच रंगवायचं ठरलं. मालक शेडमध्येच उभा. "किती वेळ, काका? लग्न लावून राह्यले का गाडीचं?"

काका निळ्याचे थेंब टाकत राहिले. एक, अजून एक. चंदेरी रंग निळसर पडलेला मला दिसत होता.

"जुळला का, माय?" रंग फासलेला कागद माझ्या हाती देत त्यांनी विचारलं.

मालक माझ्याकडं बघत होता. माझे पाय हलले नाहीत. कागद हातातच राहिला आणि मान 'हो' म्हणाली.

सुकल्यावर गाडी उन्हात काढली. "दुसऱ्याचं मुंडकं बसवलं का हिले?" मालक ओरडला. त्यानं काकांसमोर दोन बोटं धरली. "किती?"

"तीन," काका म्हणाले. जमलेली माणसं हसली.

"माही चूक आहे. सारी गाडी दुसरीकडून रंगवून घ्या, पूर्ण पैसे भरून देतो." माझ्याकडं त्यांनी बोटसुद्धा दाखवलं नाही.

कॉम्प्रेसर विकला, रंग मारायची गन विकली, तरी पैसे पुरले नाहीत. गाडी एकही येईना. शेड बंद करायच्या दिवशी मी म्हटलं, "काका, मले दिसलं होतं."

"मालूम आहे. तू बाहेर गेलीच नव्हती. पावलं वाजले नाही तुये."

"मंग काहून मारला रंग?"

"मालक उभा होता. 'उन्हात जा' म्हटलं असतं, तर रंग तूच पायते, मले दिसत नाही, हे त्याले समजलं असतं."

काका नेरला लेकीकडं गेले. ऑपरेशनला उशीर झाला म्हणे, नजर परत आली नाही. दिवसभर भिंतीवरून नखाची पाठ फिरवत बसतात, असं लेक सांगते.

उरलेले पैसे मी कापूस वेचून मालकाला पोचवत राहिले. शेवटचे दिले त्या दिवशी त्याच्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडलं. "रंग जुळला नव्हता. मले दिसलं होतं."

त्यानं वर पाहिलंच नाही. नोटा मोजल्या, खिशात घातल्या.

"फिटले," म्हणाला.